किती मूर्ती?

नर्मदा परिक्रमेवरील मराठी पुस्तकांनी आता कपाटाचा एक कप्पा सहज भरेल. ती वाचण्याचा आम्हांस कंटाळा नाही. हाती आले की एका बैठकीत संपवतो. आमचे भांडण आहे ते त्यांतील 'एकट्याने' या शब्दाशी. 'एकट्याने केलेली पायी परिक्रमा' असे छापले की वाचकाने मान लववावी, ही अपेक्षा. पुढची दोनशे पाने मग एकाच प्रश्नाभोवती फिरतात: एवढ्या एकटेपणात मन टिकले कसे? उत्तरे ठरलेली दोन, इच्छाशक्ती आणि मैयाची कृपा. आम्हांला दोन्ही अमान्य आहेत.

इच्छाशक्तीचे आधी पाहू. नदी उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, भडोचपुढे समुद्रातून नावेने पलीकडचा काठ गाठायचा, अमरकंटकला उगमाला वळसा घालायचा आणि निघालो तेथे परतायचे. चालणे अडीच हजार किलोमीटरांच्या आसपासचे. पण रोज सकाळी नव्याने ठरवायचे असे त्यात उरते काय? कोठे जावे, मधूनच पलीकडे जावे काय, हे सारे नियमांनी कधीच निकालात काढले आहे. चाळिसाव्या दिवशी टाचेचे फोड फुटले असता माणूस उठून चालू लागतो, त्यात त्याच्या निग्रहाइतकाच, कदाचित अधिक, वाटा त्याच्याआधी चाललेल्या असंख्यांचा असतो.

एमा गेटवूड ही अमेरिकन बाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अॅपलेशियन पर्वतरांगेतली तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट एकटी चालली. वाटेवरच्या घरांची दारे तिला ठोठवावी लागत, आपण कोण हे सांगावे लागे. कोणी घरात घेई, कोणी दारातूनच परतवी. तिला एकटी म्हणावे. नर्मदेकाठी काठी आणि कमंडलू पाहूनच 'नर्मदे हर' अशी हाक येते, नाव-गाव मागाहून. तिन्हीसांजेला गावात शिरलेल्या परक्या माणसाला तेथे विचारतात, 'किती मूर्ती?' कारण त्या हिशेबाने पीठ काढायचे असते. सोबत कोणी नसेल तर उत्तर द्यायचे, 'एक मूर्ती'. बस, तो पंक्तीत मोजला गेला.

वैशाखाच्या दुपारी निमाडातल्या काळ्या रानातून चालताना, भोवतालची बोली कळत नसताना, काळीज पोकळ होत असेल. त्याची थट्टा आम्ही करत नाही. पण त्या पोकळीवर उतारा कोणी दिला, हे लिहिताना लेखणी अडखळते.

येथे कृपेचा प्रवेश होतो. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी आली, इतक्यात झोपडीतून कोणी हाक मारली, जाड टिक्कड आणि डाळ पुढे आली, डोळे भरून आले: मैयाने पाठवले! आणि जिने पीठ मळले, ओल्या लाकडांच्या धुरात चूल फुंकली, कदाचित स्वतःच्या वाटणीचे वाढले, ती? तिच्या वाट्याला दोन शब्द: 'एक माउली'. वाटेत भेटलेल्या साधुमहाराजांचे नाव, उपनाव, गुरुपरंपरा सगळे टिपलेले असते. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी भिल्ल यात्रेकरूला लंगोटीपर्यंत लुटत, तीही म्हणे मैयाने घेतलेली परीक्षा. देणारा मैयाचा, लुटणाराही मैयाचा. त्यांचे स्वतःचे म्हणून काही उरतच नाही, भूकसुद्धा नाही.

हे शब्दांपुरते भांडण असते तर आम्ही गप्प बसलो असतो. जून २००४ अखेर हरसूद रिकामे झाले. सरदार सरोवरात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलीच ३३ गावे बुडिताखाली गणली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. पुस्तकांत याची नोंद येते ती कशी? जुनी वाट बुडाली, वळसा वाढला, झाडीचा थरार गेला! वाट बुडाली म्हणजे चुली बुडाल्या, हे वाक्य कोठे दिसेल म्हणून आम्ही पाहत राहतो. ज्यांच्या पिठावर पिढ्यान्पिढ्यांचे 'एकटे' चालले, त्यांपैकी कितीजण जमिनीच्या बदल्यात जमीन मागत कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले, हा विषय मात्र 'राजकीय' म्हणून वगळायचा.

अमृतलाल वेगड १९७७ पासून तुकड्यातुकड्यांनी, सोबती घेऊन चालले, आणि ते त्यांनी लपवले नाही. त्यांचे चालणे त्यामुळे उणे ठरल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

पुढचे पुस्तक लिहिणाऱ्याकडे आमचे मागणे एवढेच. दैनंदिनीत किलोमीटरांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: आज कोणाच्या घरचे जेवलो, धान्य कोणते होते, रांधले कोणी, आणि ते घर सरकारी नकाशात बुडितरेषेच्या वर आहे की खाली.