भरल्या घरीं पाहुणा

आमच्या माडीवर एक जुनी पायपेटी आहे. आमचे वडील बंधु, ज्यांस घरांतील सारीं मुलें थोरले काका म्हणतात, त्यांनीं ती तरुणपणीं नाट्यपदांच्या नादानें घेतली. आतां तिचा भाता फाटला असून तिच्यावर धुवट कपड्यांच्या घड्या असतात. तरी घरांत तिचें नांव अद्याप ‘ऑर्गन’ असेंच आहे. गेल्या महिन्यांत एका रविवारीं धाकट्या पुतण्यानें एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका लावली आणि म्हणाला, “काका, हाहि ऑर्गनच बरें का!” थोरल्या काकांनीं डोळे मिटून थोडा वेळ ऐकलें व विचारलें, “अरे, सोळा-सतरा माणसें वाजवीत असतां ह्या एका पेटीचें तेथें काय काम?” पुतण्या हंसून म्हणाला, “माझा प्रश्न ह्याच्या उलट आहे. पेटीवाला एकटा सगळें करूं शकतो, तर तीं सोळा माणसें कशाला?”

हा दुसरा प्रश्न निव्वळ विनोदाचा नव्हता. चिरंजीव महाविद्यालयाच्या वाद्यवृंदांत वर्षभर गिटार वाजवीत होते. तालमीस कोणी उशिरां येतो, कोणी दुसऱ्याचें ऐकत नाहीं, म्हणून रुसून त्यांनीं तें सोडलें; आणि आतां संगणकापुढें बसून साऱ्या वाद्यांचे सूर ते एकटेच जुळवितात. भरल्या घरांत मुलानें असें एकटें होणें आम्हांस रुचलें नव्हतें. परंतु अशा गोष्टी उपदेशानें साधत नाहींत, हें आमच्याप्रमाणें वाचकहि जाणतात. म्हणून दोघांच्या प्रश्नांचें उत्तर त्या मुद्रिकेंतच सांपडतें का, हें पाहावयाचें आम्हीं ठरविलें.

जॅझ संगीतांत ज्यास ‘बिग बँड’ म्हणतात, त्याची घडण बरीचशी एकत्र कुटुंबासारखी असते. चार ट्रंपेट, तीन-चार ट्रॉम्बोन, पांच सॅक्सोफोन, आणि पाठीशीं पियानो, गिटार, खर्जाचा बास व ड्रम. प्रत्येकाची जागा ठरलेली, प्रत्येकाच्या वाट्याचे सूर लिहिलेले. मधूनच एकास स्वतंत्रपणें बोलण्याची मुभा, आणि त्या वेळीं इतरांनीं त्यास आधार द्यावयाचा. हा नाद आपल्याकडे अगदींच परका नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला, आणि पुढें अनेक गोमंतकीय वादकांनीं ही विद्या आपलीशी केली. त्यांपैकीं चिक चॉकलेट या नांवानें प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांतील पितळी वाद्यांचा झंकार ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस ह्या घराण्याची चव ठाऊक आहे.

आतां पाहुण्याविषयीं. आमच्या पायपेटीशीं ह्या ऑर्गनचें नातें नांवापुरतेंच. त्यांत भाता नाहीं कीं रीड नाहींत. शिकागोचे लॉरेन्स हॅमंड विजेचीं घड्याळें बनवीत असत. त्यांनीं तो १९३५ सालीं बाजारांत आणला. आंत एकसारख्या गतीनें फिरणारी मोटार आणि तिच्यावर एक्याण्णव लहान पोलादी चाकें असतात. चाकाच्या कडेचे उंचवटे लोहचुंबकाजवळून गेले कीं भोंवतालच्या तारेच्या वेटोळ्यांत विजेचें स्पंदन उठतें, आणि तेंच पुढें ध्वनिरूपानें ऐकूं येतें. मोठा नळ्यांचा ऑर्गन ज्या चर्चांस परवडत नसे, त्यांनीं तो पुष्कळ घेतला. हातांसाठीं पट्ट्यांच्या दोन ओळी आणि पायांसाठीं पंचवीस पट्ट्या. उजव्या हातानें गाणें, डाव्यानें साथ व पायांनीं खर्ज, असा सारा संसार एकच मनुष्य चालवूं शकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे वृंद पोसणें कठीण झालें. त्याच सुमारास लहानशा क्लबांत ऑर्गन, गिटार व ड्रम एवढीं तीन माणसें जागा भरून टाकूं लागलीं. म्हणजे आमच्या पुतण्याचा प्रश्न त्या काळच्या क्लबमालकांसहि पडलाच होता, आणि हिशेबाच्या वहींत त्याचें उत्तर पुतण्याच्याच बाजूचें होतें. अशा स्थितींत मोठ्या वृंदानें ऑर्गनवादकास आपल्या घरीं बोलावणें, ही साधी गोष्ट नव्हती.

ह्या निमंत्रणांपैकीं एक फार गमतीचें आहे. वाइल्ड बिल डेव्हिस हे अशा त्रयींचे एक अग्रणी. ‘एप्रिल इन पॅरिस’ या गीताची त्यांची मांडणी काउंट बेसी यांच्या वृंदानें १९५५ सालीं मुद्रित केली. स्वतः डेव्हिस त्या वेळीं ऑर्गनवर बसावयाचे होते. परंतु चारशें पौंडांहून जड असें तें वाद्य घेऊन निघालेला त्यांचा ट्रक वाटेंतच बिघडला, असें सांगतात. वृंदानें त्यांच्यावांचूनच वाजविलें, आणि ती मुद्रिका बेसींच्या सर्वांत लोकप्रिय मुद्रिकांपैकीं एक ठरली. ती ऐकतांना आम्हांस वाटलें कीं पाहुणा आला नाहीं, तरी त्याच्यासाठीं मांडलेलें पान तसेंच आहे. ऑर्गनचे ते भरदार, एकदम उठणारे स्वरसमूह येथें पितळी वाद्यें मिळून वाजवितात. पुढें १९६९ सालीं ड्यूक एलिंग्टन यांच्या वृंदांत डेव्हिस प्रत्यक्ष ऑर्गनवर बसले, तेव्हां ती हौस पुरी झाली.

डेव्हिस यांचें वादन ऐकून पियानोकडून ऑर्गनकडे वळलेला एक तरुण म्हणजे जिमी स्मिथ. फिलाडेल्फियांतील एका गुदामांत वाद्य ठेवून, पायपट्ट्यांचा नकाशा भिंतीस लावून ते महिनोगणती रियाज करीत. पुतण्यानें लावलेली मुद्रिका ह्यांचीच: १९६२ सालची ‘बॅशिन्’. मोठ्या वृंदाबरोबर स्मिथ यांची ही पहिलीच मुद्रिका, आणि वृंदाची रचना ऑलिव्हर नेल्सन यांची. तिची एक बाजू मोठ्या वृंदाबरोबरची, आणि दुसरी केवळ ऑर्गन, गिटार व ड्रम यांची; त्यामुळें आमच्या घरांतील दोन्ही प्रश्न जणूं एकाच तबकडीच्या दोन बाजूंस कोरलेले होते.

दुसऱ्या बाजूस स्मिथ यांचे हातपाय चौफेर चालतात, खर्जहि त्यांचाच. पहिल्या बाजूस मात्र खर्जासाठीं जॉर्ज ड्युव्हिव्हिए हे बासवादक निराळे बसले आहेत. ज्या पायांची विद्या गुदामांत बसून कमावली, त्यांचा भार येथें दुसऱ्यानें उचलला. ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ या पहिल्याच रचनेंत आरंभीं बराच वेळ वृंदच बोलतो. नेल्सन हळूहळू दार उघडीत जातात, आणि मग ऑर्गन आंत येतो. तो आला कीं ट्रंपेट मागें सरतात; त्याचें वाक्य संपलें कीं सारे मिळून हुंकार देतात. पाहुण्यास सर्व कांहीं येतें, म्हणूनच त्यानें सर्व कांहीं करावयाचें नाहीं. आणि यजमान सोळा आहेत, म्हणूनच त्यांनीं त्यास जागा करून द्यावयाची. नेल्सन यांचें लेखणीकौशल्य आम्हांस येथें विशेष जाणवलें. कारण कोणी केव्हां वाजवावें ह्यापेक्षां कोणी केव्हां थांबावें, हें कागदावर लिहिणें अवघड असतें.

आणखी एक गोष्ट भगिनीवाचकांसाठीं. बेसींच्या त्या १९५५ च्या मुद्रणांत ट्रंपेट वाजविणाऱ्यांत थॅड जोन्स होते. पुढें त्यांनीं ड्रमवादक मेल लुइस यांच्यासह न्यूयॉर्कमध्यें स्वतःचा वृंद उभारला. वादकांचे इतर दिवस पोटापाण्याच्या कामांत जात. म्हणून १९६६ च्या फेब्रुवारीपासून व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरांतील क्लबांत ते सोमवारीं रात्रीं जमूं लागले. त्याच वर्षीं त्यांची पहिली मुद्रिका निघाली. १९७६ सालीं ह्या वृंदाबरोबर ऑर्गनवर बसल्या त्या ऱ्होडा स्कॉट. वडील धर्मोपदेशक, त्यांच्या चर्चमध्यें लहानपणीं वाजवूं लागतांना त्यांनीं पादत्राणें काढून ठेवलीं, तीं पुढें रंगमंचावरहि कधीं घातलीं नाहींत. फ्रान्समध्यें एका ड्रमवादकाच्या साथीवर त्या मैफली गाजवीत. म्हणजे दोघांत ज्यांचें भागे, त्या बाई भरल्या घरीं पाहुण्या म्हणून आल्या. आपल्याकडेहि वाद्यापुढें अनवाणीच बसण्याची रीत असल्यानें, हें ऐकून आमच्या वहिनींस त्या बाई एकदम आपल्यांतल्या वाटल्या.

पुढच्या रविवारीं आम्हीं ‘बॅशिन्’च्या दोन्ही बाजू थोरल्या काकांस व पुतण्यास शेजारीं बसवून ऐकविल्या. आमच्याकडून एक शब्दहि बोललों नाहीं. काका म्हणाले, “दुसऱ्या बाजूस तो फार हुशार वाटतो; पहिल्या बाजूस फार सुखी वाटतो.” पुतण्यानें वाद घातला, दुसरीच बाजू सरस, असें त्याचें मत अजून कायम आहे, आणि त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. एकट्याच्या कलेसहि तिचें तेज असतें. मात्र त्यानें पहिली बाजू पुन्हा लावली, आणि ह्या खेपेस तो ऑर्गनकडे नव्हे, तर मागच्या गिटारकडे कान देत होता. बॅरी गॅलब्रेथ यांची ती गिटार कोठें वर उठत नाहीं. परंतु एकदां लक्ष गेलें कीं तिच्यावांचून तें घर उभें राहील असें वाटत नाहीं.

चिरंजीव तालमीस परत जातात कीं नाहीं, तें त्यांचें त्यांनीं ठरवावें. आम्हीं विचारलेलें नाहीं. सायंकाळीं मात्र माडीवरून हांक आली. थोरल्या काकांनीं पायपेटीवरच्या कपड्यांच्या घड्या उतरविल्या होत्या, आणि पुतण्यास ते सांगत होते, “भाता शिवणारा कोणी अजून मिळतो का, तें जरा शोध. सूर मी धरीन; पण गिटारवर साथीस कोणी तरी पाहिजे.”