कॅपच्या आत कोणता धातू?

रूट कॅनॉल आटोपलं की डॉक्टर विचारतात, मेटल सिरॅमिक बसवायची की झिरकोनिया? पेशंट भाव ऐकून ठरवतो. झिरकोनिया म्हणजे नवं आणि चांगलं, मेटल सिरॅमिक म्हणजे जुनं आणि स्वस्तातलं, हा समज आता पक्का झाला आहे. पुरावा तसं सांगत नाही. धातूवर पोर्सिलेन भाजून बसवण्याच्या आजच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत १९६२ साली मिळालं. भट्टीतून निघताना धातू जास्त आकसतो आणि वरचा थर तडकतो, ही खरी अडचण होती. पोर्सिलेनमधल्या ल्युसाइट या खनिजामुळे दोघांचं आकसणं जुळलं. पाच वर्षांनंतर अशा शंभरातल्या सुमारे ९५ कॅप तोंडात शाबूत असतात, असं अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसतं. हिरडीलगत काळसर कड दिसते हे खरं. पण मागच्या दाढेत ती बघायला जातो कोण?

माझी तक्रार धातूबद्दल नाही, त्याच्याबद्दलच्या मौनाबद्दल आहे. आतली टोपी सोन्याच्या मिश्रधातूची असू शकते, कोबाल्ट-क्रोमियमची किंवा निकेल-क्रोमियमची. आपल्याकडे स्वस्त कॅपमध्ये बहुधा निकेल असतं. ०.१ टक्क्याहून जास्त निकेल असेल तर मिश्रधातूच्या पाकिटावर तसं छापावं, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. ते पाकीट लॅबमध्ये फुटतं आणि माहिती तिथेच संपते. झिरकोनियासोबत मात्र वॉरंटीचं कार्ड हातात पडतं. कॅपच्या बिलावर मिश्रधातूचं नाव लिहावं, एवढीच माझी मागणी आहे.

यावर डॉक्टर म्हणतील, निकेलमुळे तोंडात त्रास होणारे पेशंट विरळा. बरोबर आहे. पण निकेलची त्वचेला येणारी अ‍ॅलर्जी मुळीच विरळ नाही. नकली कानातल्यांनी कानाची पाळी चिघळणाऱ्या बायका घरोघरी सापडतील. असा त्रास होतो का, हे कॅप बसवण्याआधी विचारायला अर्धं मिनिट पुरतं. पेशंटला काय कळतंय, हा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. औषधाच्या पट्टीवरची नावंही सगळ्यांना कळत नाहीत, तरी ती छापावीच लागतात. शिवाय ती नोंद पेशंटपेक्षा पुढच्या डॉक्टरच्या जास्त कामाची. कॅपभोवतीची हिरडी सतत लाल राहिली, तर दोष कडेच्या बसणीचा की धातूचा, हे त्याला शोधावं लागतं. बिलावर मिश्रधातूचं नाव आलं की काही जण थोडे जास्त पैसे मोजून कोबाल्ट-क्रोमियम मागतील, बरेच जण निकेलचीच घेतील. घेऊ देत.