लकव्यानंतर चालण्याआधी तोल सावरा

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘चालणार कधी?’ आधी विचारायला हवं, दुबळ्या पायावर भार येतो का? रुग्ण नकळत सगळं वजन चांगल्या बाजूला टाकतो. दुबळा पाय फरफटतो, पंजा जमिनीला अडकतो आणि माणूस पडतो. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून शिकून खुर्चीतून उठणं-बसणं, उभं राहून वजन दुबळ्या पायावर नेणं, हा सराव रोज हवा. काठी चांगल्या हातात. लुळा हात धरून ओढणं तर बंदच. खांदा निखळू शकतो. सर्वाधिक सुधारणा पहिल्या ३ ते ६ महिन्यांत होते आणि नेमके तेच महिने कित्येक घरांत नुसत्या तेलमालिशीत जातात. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांसोबत व्यायामही लिहून मिळायला हवा.