बाकावरचा उंच खेळाडू बुडता संघ तारतो का?

सिंगापुरात राहणाऱ्या बास्केटबॉलप्रेमी मराठी माणसाची सकाळ नोव्हेंबर ते एप्रिल या काळात जरा ओढाताणीची असते. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. म्हणजे कार्यालयातल्या पहिल्या बैठकीच्या वेळेलाच तिकडच्या विद्यापीठांचे सामने सुरू होतात. ज्यांची मुले तिकडे शिकायला आहेत, ते फोन टेबलाखाली धरून गुण पाहतात. जानेवारीच्या सुमारास मुलाच्या विद्यापीठाचा संघ हरू लागला, की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो: बाकावर तो सात फुटी पोरगा नुसता बसून आहे, त्याला खेळवत का नाहीत?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अमेरिकी महाविद्यालयीन पुरुषांचा सामना ४० मिनिटांचा असतो, २०-२० मिनिटांच्या दोन भागांचा. पाचवा फाउल झाला की खेळाडू बाद. सर्वाधिक फाउल ओढवतात ते बास्केटखाली उभ्या असलेल्या उंच खेळाडूवर, म्हणजे सेंटरवर. कारण आत घुसणाऱ्या प्रत्येक गार्डला शेवटी त्यालाच अडवायचे असते. पूर्वार्धात त्याचे दोन फाउल झाले, की बहुतेक प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बाहेर बसवतात. शिवाय एवढे वजन घेऊन सतत धावणारा माणूस दमतो. त्यामुळे पहिल्या पसंतीचा सेंटर साधारण २५ ते ३० मिनिटे खेळतो आणि उरलेली दहा-पंधरा मिनिटे दुसऱ्या कोणाला तरी काढावीच लागतात. क्रिकेटची भाषा वापरायची तर हा पाचव्या गोलंदाजाचा प्रश्न आहे. त्याच्या दहा षटकांनी सामना जिंकला जातोच असे नाही, पण त्याच दहा षटकांत तो हातचा जाऊ शकतो.

या प्रश्नाचा अलीकडचा सर्वांत चांगला धडा कनेक्टिकट विद्यापीठाने, म्हणजे 'यूकॉन'ने, २०२२-२३ च्या हंगामात घालून दिला. पहिले १४ सामने त्यांनी ओळीने जिंकले. पुढच्या आठांपैकी सहा हरले. संघाचा मुख्य सेंटर अदामा सानोगो हा मूळचा मालीचा, सहा फूट नऊ इंचांचा, खांद्याने वाट काढणारा. त्याच्या मागे बाकावर होता डोनोव्हन क्लिंगन, सात फूट दोन इंचांचा, नुकताच शाळेतून आलेला प्रथम वर्षाचा विद्यार्थी. क्लिंगन हंगामभर सामन्यामागे सरासरी १३ मिनिटे खेळला आणि त्यात सुमारे सात गुण व पाच-सहा रिबाउंड मिळवत राहिला. सानोगो चेंडू घेऊन पाठीने रेटत गुण करणारा. क्लिंगन बास्केटसमोर हात वर करून उभा राहिला तरी प्रतिस्पर्ध्याला आपला फटका बदलावा लागे. प्रतिस्पर्धी एका प्रकारच्या सेंटरशी जुळवून घेतो न घेतो तोच दुसऱ्या प्रकारचा समोर येई.

मार्च-एप्रिलमध्ये याच संघाने राष्ट्रीय स्पर्धेतील सहाही सामने दहापेक्षा जास्त गुणांच्या फरकाने जिंकले आणि अंतिम सामन्यात सॅन डिएगो स्टेटला ७६-५९ असे हरवून विजेतेपद मिळवले. त्या वर्षी रमजान मार्चच्या चौथ्या आठवड्यात सुरू झाला होता आणि सानोगो रोजे धरून खेळत होता. दिवसभर उपाशी असलेल्या खेळाडूला विश्रांती द्यायची आणि मागे तेवढाच भरवशाचा माणूस ठेवायचा, ही चैन त्या वेळी यूकॉनइतकी क्वचितच कोणाला परवडत होती. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान सानोगोला मिळाला, पण त्यातला काही वाटा बाकावरच्या मुलाचा होता असे मी मानतो.

मात्र इथेच पालकांच्या गटावरील युक्तिवाद अडखळतो. जानेवारीत संघ हरत होता तेव्हाही क्लिंगन त्याच बाकावर होता आणि जवळपास तेवढीच मिनिटे खेळत होता. राखीव सेंटरच्या असण्याने घसरण थांबली असती, तर ती सुरूच झाली नसती. बदलले ते बाहेरचे. अँड्रे जॅक्सनचा चेंडू पुढे नेण्यातला वाटा वाढला, ट्रिस्टन न्यूटन स्थिरावला, जॉर्डन हॉकिन्सचे लांबून मारलेले फटके बसू लागले. बाहेरून धोका निर्माण झाला की आतल्या उंच माणसाला घेरायला दोन-तीन जण येऊ शकत नाहीत. माझा निष्कर्ष असा, की गार्ड चांगले असतील तर राखीव सेंटर चांगल्या संघाला अजिंक्य करू शकतो. गार्डच डळमळीत असतील तर तो फक्त पराभवाचे अंतर कमी करतो.

आकडेवारीचा एक सापळाही ओळखून ठेवावा. क्लिंगनचे १३ मिनिटांतले काम ४० मिनिटांवर पसरवले तर सामन्यामागे वीसहून अधिक गुण आणि सोळा-सतरा रिबाउंड निघतात. समाजमाध्यमांवर अशी गणिते रोज मांडली जातात. पण राखीव खेळाडू बराच काळ समोरच्या संघाच्या राखीव खेळाडूंविरुद्ध खेळतो, ताज्या दमाने खेळतो आणि फाउलची फारशी फिकीर न करता खेळतो. त्याची मिनिटे दुप्पट केली की या तिन्ही सवलती जातात. क्लिंगनच्या बाबतीत पुढच्या वर्षी ते गणित बरेचसे टिकले. तो मुख्य सेंटर झाला, यूकॉनने २०२४ मध्ये पर्ड्यूला ७५-६० असे हरवून सलग दुसरे विजेतेपद मिळवले आणि पोर्टलंडने त्याला एनबीएच्या निवडीत सातव्या क्रमांकावर घेतले. बहुतेकांचे तसे होत नाही. भारतीय वंशाचा सिम भुल्लर, सात फूट पाच इंचांचा, न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठात मुख्य सेंटर होता आणि तुलनेने दुबळ्या गटात त्याची नुसती उपस्थिती पुरेशी ठरे. एनबीएमध्ये २०१५ साली सॅक्रमेंटोकडून त्याला जेमतेम तीन सामने मिळाले. वेगवान गार्ड समोर आले की उंची एकटी पुरत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

आता या प्रश्नाला पैशाची बाजूही आली आहे. २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. २०२४ पासून, अभ्यासाचे निकष पाळले तर, हव्या तितक्या वेळा विद्यापीठ बदलण्यावरील बंधन उठले. न्यायालयीन तडजोडीनंतर जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली असून, सर्व खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. याचा पहिला फटका बसतो तो 'थांबणाऱ्या' खेळाडूला. पूर्वी उंच मुलगा दोन वर्षे बाकावर बसून अंगाने भरत असे आणि तिसऱ्या वर्षी मैदानात येत असे. आज तो पहिल्याच एप्रिलमध्ये दुसरीकडे जातो, कारण तिथे त्याला मिनिटेही मिळतात आणि पैसेही. हंगामाच्या मधोमध त्याच्या जागी दुसरा आणता येत नाही, कारण एकाच हंगामात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही. जानेवारीत अडचणीत आलेल्या प्रशिक्षकाकडे म्हणूनच बहुधा कच्चा अठरा वर्षांचा मुलगा उरतो, किंवा दोन विद्यापीठे फिरून आलेला चौथ्या वर्षाचा प्रवासी.

सिंगापुरातून मुले तिकडे पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही नवी श्रीमंती परदेशी विद्यार्थ्याला सहज मिळत नाही. एफ-१ व्हिसावर असताना काम करण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे जाहिरातींचे उत्पन्न त्यांच्यासाठी अवघड प्रकरण ठरते. सानोगो मालीचा, पर्ड्यूचा महाकाय सेंटर झॅक ईडी कॅनडाचा. देशातील सर्वांत गाजलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंत त्यांची गणना होत होती, पण बाजारात त्यांचे हात बांधलेले होते.

आग्नेय आशियात महाविद्यालयीन बास्केटबॉलचे खरे वेड आहे ते फिलिपिन्समध्ये, आणि तिथे हाच प्रश्न नियमांतूनच निर्माण होतो. तिथल्या विद्यापीठ स्पर्धेत, 'यूएएपी'मध्ये, परदेशी विद्यार्थ्यांवर मर्यादा आहे. मैदानात एका संघाचा एकच परदेशी विद्यार्थी असू शकतो. साहजिकच बहुतेक संघ ती जागा आफ्रिकेतून आणलेल्या उंच खेळाडूला देतात. मग तो फाउलमध्ये अडकला की मागे कोण? फिलिपिन्स विद्यापीठाचा संघ एके काळी इतका रसातळाला गेला होता, की २०१४ मध्ये ओळीने २७ पराभवांनंतर एक सामना जिंकल्यावर विद्यार्थ्यांनी आवारात होळी पेटवून आनंद साजरा केला. २०१८ मध्ये नायजेरियाचा ब्राइट आकुएतिये आला आणि संघ १९८६ नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला, पण तिथे हरला. विजेतेपद आले ते १३ मे २०२२ रोजी. तेव्हा सेनेगलच्या मलिक दिऊफसोबत कार्ल तामायो हा दोन मीटरच्या घरातला स्थानिक फॉरवर्ड होता. म्हणजे आत एकाऐवजी दोघे. तरीही जादा वेळेत गेलेल्या त्या सामन्यात ७२-६९ असा निकाल लावणारा शेवटचा तीन गुणांचा फटका होता जेडी कागुलांगान या बुटक्या गार्डचा.

सिंगापूरला हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागतो. 'सिंगापूर स्लिंगर्स' हा इथला व्यावसायिक संघ २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये उतरला, दोन हंगामांनी तिथून बाहेर पडला आणि २००९ पासून आसियान लीगमध्ये खेळला. २०१६, २०१७ आणि २०१९ असा तीनदा तो अंतिम फेरीत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. आधी जस्टिन हॉवर्ड, नंतर जॉन फील्ड्स, असे अमेरिकी सेंटर संघाला मिळाले; मुख्य उंच माणूस विकत आणता येतो. कमी पडत होता तो त्याच्या मागचा. सुमारे दोन मीटर उंचीचा सिंगापूरकर डेल्विन गोह ही जागा भरत असे, कधी परदेशी सेंटरच्या बाजूला, कधी त्याच्या जागी, आणि राष्ट्रीय संघात तर तोच मुख्य आधार. २०१३ आणि २०१५ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत सिंगापूरच्या पुरुषांनी कांस्यपदके मिळवली. त्या पिढीनंतर तशा उंचीची रांग लागलेली नाही.

इंडोनेशियाने वेगळी वाट धरली. मार्कस बोल्डन हा ड्यूक विद्यापीठात पहिली दोन वर्षे बहुतांशी राखीवच असलेला सेंटर. त्याला नागरिकत्व दिले गेले आणि मे २०२२ मध्ये हनोईत इंडोनेशियाने फिलिपिन्सला ८५-८१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. १९९१ पासून ते पदक फिलिपिन्सने सोडले नव्हते. अमेरिकेत बाकावर बसलेला माणूस इथे प्रदेशाचा तोल बदलू शकतो, हे त्यातून दिसले. अर्थात इंडोनेशियाकडे त्याला चेंडू पोहोचवणारी आणि बाहेरून फटके मारणारी मुले तोवर तयार होती.

सिंगापूरने तेच करावे का? टेबल टेनिसमध्ये परदेशी खेळाडूंना नागरिकत्व देऊन या देशाने ऑलिंपिक पदके मिळवली आहेत, पण त्या वादाच्या जखमाही अजून ओल्या आहेत. शिवाय इथे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अमेरिकी खेळाडूला आपला पासपोर्ट सोडावा लागेल. नियमाप्रमाणे असा एकच खेळाडू राष्ट्रीय संघात घेता येतो, म्हणजे त्याच्या मागचा माणूस पुन्हा घरचाच लागणार.

आणि घरचा माणूस नेमका अठराव्या वर्षी खेळापासून दूर जातो. राष्ट्रीय सेवेची दोन वर्षे संपवून इथला मुलगा विद्यापीठात येतो तेव्हा विशीच्या पुढे गेलेला असतो. उंच खेळाडू उशिरा पक्व होतात, त्यांना रोजचा सराव आणि तोडीस तोड उंचीचे प्रतिस्पर्धी लागतात. सेवेच्या काळात दोन्ही मिळणे कठीण. जोसेफ स्कूलिंगला सेवा लांबणीवर टाकू दिली गेली, तो टेक्सासला गेला आणि २०१६ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आला. पण तो पोहण्यात पदकाचा दावेदार होता. राखीव सेंटरसाठी अशी सवलत कोण देणार? एनयूएस किंवा एनटीयूच्या संघात अमेरिकेसारखी शिष्यवृत्ती नाही, पगार नाही, प्रेक्षकही बेताचेच. तिथे खेळणारा सहा फूट चार इंचांचा मुलगा संध्याकाळी सराव करतो आणि रात्री अभियांत्रिकीचा अभ्यास.

आपल्यातल्या अनेकांना हे प्रकरण दूरचे नाही. कायम रहिवासी पालकांमार्फत कायम रहिवासी झालेल्या मुलांनाही ही सेवा लागू आहे. उंच मुलाला अमेरिकेत खेळायला पाठवण्याचा विचार असेल, तर तो शालेय वयातच, सेवेच्या तारखा समोर ठेवून करावा लागतो. आणि पाठवलाच, तर तिथल्या प्रशिक्षकाला विचारण्याचा पहिला प्रश्न शिष्यवृत्तीचा नसावा. संघात गार्ड कोण आहेत आणि ते किती वर्षे राहणार आहेत, हे आधी विचारावे. बाकावरच्या उंच मुलाला चेंडू कोण देणार, हे त्यावरूनच ठरते.