गणपती, भरतनाट्यम आणि दीडशे शब्द

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशांचा हंगाम आला की न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंत कितीतरी मराठी घरांत 'डायव्हर्सिटी एसे'ची, म्हणजे आपल्या पार्श्वभूमीवरच्या निबंधाची, चिंता सुरू होते. विषय बहुधा ठरलेलेच: गणपती, भरतनाट्यम, दोन संस्कृतींतली ओढाताण. यात खोटं काही नसतं, पण ते हजारो मुलांचं सारखंच असतं आणि त्यात लिहिणारा दिसत नाही. शिवाय २९ जून २०२३ नंतर नुसत्या ओळखीला कायद्याचाही आधार उरलेला नाही. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत अवैध ठरवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहायला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मोकळीक ठेवली. अट एवढीच, की त्यातून त्या मुलाचं धैर्य, जिद्द किंवा क्षमता दिसली पाहिजे. हार्वर्डने मग मोठा ऐच्छिक निबंध काढून पाच छोटे सक्तीचे प्रश्न आणले, आणि पुढच्या वर्षी त्यांची मर्यादा दीडशे शब्दांवर आणली. एवढ्या जागेत संस्कृतीची ओळख करून देत बसलं तर स्वतःबद्दल सांगायला उरतं काय? आजीसोबत दवाखान्यात दुभाषी म्हणून बसणाऱ्या मुलीने डॉक्टरांचं कोणतं वाक्य आजीला जसंच्या तसं सांगितलं, कोणतं सांगताना ती अडखळली आणि का, एवढं लिहिलं तरी मराठीपण त्यात आपोआप येतं.

असे निबंध म्हणजे दुःखाची विक्री आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. जखम जितकी खोल तितका निबंध भारी, असा समज पसरलेला आहेच. पण निकालपत्रात भेदभावाच्या बरोबरीने प्रेरणेचाही उल्लेख आहे, त्यामुळे हालअपेष्टा दाखवण्याची सक्ती कुणावर नाही. मग सुखवस्तू घरातल्या मुलाने काय लिहावं? आपल्या सोयी कुणाच्या कष्टांवर उभ्या आहेत हे त्याला कधी दिसलं आणि त्यानंतर त्याच्या वागण्यात काय बदललं, ते लिहावं. बदललं नसेल तर दुसरा विषय घ्यावा. पुण्या-मुंबईतल्या सवर्ण, सधन घरातून अर्ज करताना परदेशात आपण अल्पसंख्य ठरणार म्हणून वंचिताचा सूर लावणं मात्र सरळ अप्रामाणिकपणा आहे. (अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, त्यामुळे जात म्हणजे काय हे तिकडे कुणाला कळत नाही, या भ्रमात राहू नये.)

प्रवेश-सल्लागाराला पैसे मोजले की तो निबंधासाठी वेगळा कोनही शोधून देतो, हे खरं. पण त्याला दवाखान्यातल्या त्या मुलीचं अडखळणं ठाऊक नसतं. तो पुन्हा दोन संस्कृतींवरच येतो. पालकांनी मसुदा वाचावा, शुद्धलेखन तपासावं. विषय मात्र मुलांनाच निवडू द्यावा, तो आपल्याला फिका वाटला तरी.