जिभेचा वणवा

‘मी खोटे तर काही बोललो नाही ना?’ एखाद्याची नालस्ती करून झाली की आपण हा प्रश्न हमखास पुढे करतो. बोलणे खरे असले की बोलणारा निर्दोष, असा आपला सर्वसाधारण समज. ख्रिस्ती धर्मशिकवणीला तो मान्य नाही. म्हणूनच ही शिकवण इतरधर्मीयांनीही विचारात घेण्याजोगी आहे.

‘नव्या करारा’तील याकोबाच्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, जिभेविषयी तीन दृष्टांत आहेत : घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू आणि अरण्य पेटविणारी ठिणगी. तिन्ही वस्तू लहान, परिणाम मात्र प्रचंड. त्यांतले लगाम आणि सुकाणू माणसाच्या हाती राहतात. ठिणगी एकदा उडाली की कोणाच्याच हाती राहत नाही.

कॅथॉलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात या अपराधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पुरेशा आधाराविना मनातल्या मनात एखाद्याला दोषी ठरविणे, हा पहिला. खोटे बोलून त्याची अब्रू घेणे, हा दुसरा. तिसरा प्रकार मात्र आपल्याला अडचणीत टाकणारा आहे : ज्याला माहीत नाही त्याला, सबळ कारण नसताना, दुसऱ्याचा खरा दोष सांगणे! शिवाय केवळ पश्चात्ताप पुरत नाही. झालेल्या हानीची भरपाईही करावी लागते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी तर निंदा मुकाट्याने ऐकणाऱ्यालाही दोषातून सोडलेले नाही.

पण ही भरपाई नेहमी शक्य असते काय? १६९२ साली उत्तर अमेरिकेतील सेलम येथे, बायबल नित्य वाचणाऱ्या समाजात, काही मुलींनी गावकऱ्यांवर चेटकाचे आरोप केले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या कुजबुजी साक्षी म्हणून पुढे आल्या आणि एकोणीस जण फासावर गेले. आरोप करणाऱ्यांपैकी ॲन पुटनम १७०६ साली भर चर्चमध्ये उभी राहिली आणि तिची क्षमायाचना वाचून दाखविण्यात आली. परंतु गेलेली माणसे काही परत आली नाहीत.

मग अन्याय दिसला तरी तोंड मिटून बसावे काय? मुळीच नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने यासाठी मार्ग घालून दिला आहे. अपराध करणाऱ्याला आधी एकांतात गाठावे. न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे गाऱ्हाणे मांडावे. आपला क्रम नेमका उलटा असतो. सगळ्या वर्गाला, सगळ्या कँटीनला ठाऊक झाल्यावर ती गोष्ट ज्याची त्याच्या कानी जाते, आणि तीही तिखटमीठ लावून!

तेव्हा ‘हे खरे आहे काय?’ एवढे विचारून भागणार नाही. ‘हे मी कोणाला सांगतो आहे, आणि कशासाठी?’ हेही प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे. उत्तर सापडेपर्यंत गप्प राहिल्याने कोणाचे घर जळत नाही.