मोहल्ला बैठका पुन्हा भरवा

27 जुलै 1953 रोजी कोरियातील तोफा थांबल्या, पण शांतता करारावर आजतागायत सह्या झालेल्या नाहीत. दोन्ही सैन्ये दोन-दोन किलोमीटर मागे सरली आणि मधला सुमारे 250 किलोमीटर लांबीचा पट्टा निर्लष्करी ठरला. एकच भाषा बोलणारा समाज त्या पट्ट्याने दुभंगला. ताटातूट झालेली भावंडे सरकारने भरवलेल्या मेळाव्यात जेमतेम काही तास भेटत. असा शेवटचा मेळावा 2018 मध्ये झाला.

या पट्ट्यात एका मराठी सेनानीने कसोटीचे दिवस काढले. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या 22 हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय फौजेकडे होती आणि तिचे प्रमुख होते कोल्हापूरचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. सप्टेंबर 1953 मध्ये खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि मेजरला सोडवून आणले. त्या पट्ट्याच्या इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रसंग.

माणसांना दुभंगणाऱ्या अशा रेषा यंत्रमागांच्या भिवंडीलाही ठाऊक आहेत. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान दंगल पेटली, चौकशीसाठी मादन आयोग नेमला गेला. मे 1984 मध्ये शहर पुन्हा जळले आणि ती आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. सूत विकणारा, सायझिंगवाला, लूमवरचा कारागीर, ग्रे कापड उचलणारा व्यापारी यांचे तेव्हाही एकमेकांवाचून चालत नव्हते. तरीही घरे जळाली. धंद्याची गरज माणसांना जवळ आणते, पण अफवेच्या रात्री तेवढा आधार पुरत नाही, हे या शहराने दोनदा सोसून पाहिले आहे.

1988 मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हे नेमके ओळखले. नुसता बंदोबस्त वाढवून रेषेवर पहारा बसतो, रेषा पुसली जात नाही. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, सोबत तिथला पोलिस, अशी माणसे नियमित एकत्र बसू लागली. तक्रारी नळाच्या, गटाराच्या, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाच्या असत. पण त्यातूनच चेहरे ओळखीचे झाले, अफवा आली की कोणाला विचारायचे हे कळू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई होरपळत असताना भिवंडी शांत राहिली.

हे श्रेय या शहराच्या सामान्य माणसांचे आहे आणि ते टिकवणे आपल्याच हाती आहे. सणांच्या तोंडावर घाईने बोलावलेली शांतता समितीची बैठक, चहा आणि छायाचित्र एवढ्याने भागणार नाही. पोलिसांनी प्रत्येक वस्तीत दरमहा बैठक घ्यावी. तिच्यात पुढाऱ्यांपेक्षा लूम कामगार, तरुण आणि स्त्रिया अधिक असाव्यात. आणि बैठकीचा निरोप आला की भिवंडीकरांनी कामातून वेळ काढून तिथे जावे.